‘सेल्फ गेला’ म्हणण्याआधी मीटर लावा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मी चिपळूणचा. एसटीच्या वर्कशॉपात एकोणतीस वर्षं ऑटो इलेक्ट्रिशियन होतो, २०१८ साली निवृत्त झालो. पेपरला पत्र लिहिण्याची ही पहिलीच वेळ. निमित्त आहे १४,५०० रुपयांच्या एका एस्टिमेटचं. ते माझं नव्हे, आमच्या शेजारच्या बाईंचं, पण वाचल्यावर झोप माझी उडाली.

बाई सावर्ड्याच्या बाजूला शाळेत शिकवतात. सात वर्षांची छोटी पेट्रोल गाडी आहे. मृगाचा पाऊस लागला आणि दोन-तीन दिवसांत एका सकाळी गाडीने सेल्फ घेतला नाही. सेल्फ म्हणजे इंजिन फिरवून चालू करणारी मोटर. चावी फिरवली की डॅशबोर्डचे दिवे लागायचे, बॉनेटखाली एकदाच ‘टक’ व्हायचं आणि मग सगळं गप्प. बाई त्या दिवशी एसटीने शाळेत गेल्या. (मला मनातून जरा बरंच वाटलं, खोटं कशाला बोलू.) दुपारी सर्व्हिस सेंटरचा मुलगा आला. त्याने स्कॅनर जोडला, त्यात बिघाडाचा काही कोड येईना. मग त्याने सांगून टाकलं की सेल्फ गेलाय, बॅटरीपण वीक वाटतेय, दोन्ही बदला, उद्या टोचन करून नेतो. मोबाइलवर एस्टिमेट आलं. त्यात पार्टचे नंबर होते, मजुरी होती, कर होता. बॅटरीत व्होल्ट किती, तेवढं मात्र कुठेच नव्हतं. ‘वीक वाटते’ म्हणजे काय? ताप आहे असं वाटलं म्हणून सलाइन लावतो का कुणी?

संध्याकाळी मी व्होल्ट मोजायचा मीटर आणि टॉर्च घेऊन गेलो. गाडी न्यूट्रलला, हँडब्रेक ओढलेला. बाईंना म्हटलं, हेडलाइट लावा आणि चावी फिरवा. ‘टक’ झालं, पण दिवे मंद झाले नाहीत. सेल्फ हा गाडीतला सगळ्यात खादाड प्राणी. छोट्या पेट्रोल इंजिनालासुद्धा शंभर-दीडशे अँपिअर ओढतो, डिझेलला त्याहून जास्त. तो खरोखर जेवायला बसला की दिवे थोडे तरी दबणारच. चावी फिरवताच दिवे पार विझत असतील तर बॅटरी उतरलेली असते किंवा तिचं टर्मिनल धरत नसतं. इथे दिवे लख्ख. म्हणजे एक तर सेल्फ आतून गेलेला, आतले कार्बन ब्रश संपलेत नाहीतर सोलेनॉइडचे, म्हणजे त्याला करंट जोडणाऱ्या स्विचचे, पॉइंट जळालेत, किंवा त्याच्या येण्याजाण्याच्या रस्त्यात कुठेतरी अडथळा. नुसत्या कानाने यापुढे जाता येत नाही. इथून पुढे मीटर.

मीटर डीसी २० वर ठेवला. बॅटरी १२.५ व्होल्ट. पूर्ण भरलेली बॅटरी निवांत असताना १२.६ च्या आसपास दाखवते, १२.२ म्हणजे निम्मी, ११.९ च्या खाली गेली की रिकामीच समजा. म्हणजे बिचारी बॅटरी ठणठणीत होती. चावी फिरवतानाही ती १२ च्या वरच राहिली. मग मीटरची काळी पिन बॅटरीच्या मायनसवर धरली, लाल पिन इंजिनाच्या उघड्या लोखंडावर, आणि बाईंना परत सेल्फ मारायला सांगितलं. या दोन जागा म्हणजे खरं तर एकच, दोन्ही अर्थच, म्हणजे करंटचा बॅटरीकडे परतीचा रस्ता. सेल्फ मारताना तिथे अर्धा व्होल्टसुद्धा पडता कामा नये. मीटरने दाखवले साडेआठ.

बाराच्या वर व्होल्ट बॅटरीतून निघत होते आणि त्यातले साडेआठ परतीच्या रस्त्यावरच खर्च होत होते. सेल्फच्या वाट्याला राहिले साडेतीन. तेवढ्यात तो ‘टक’ म्हणतोय हेच नशीब.

इंजिन गाडीत रबराच्या माउंटिंगवर बसतं, म्हणून त्याचा अर्थ बॉडीशी आपोआप जुळत नाही. त्यासाठी इंजिन किंवा गिअरबॉक्सपासून बॉडीपर्यंत तांब्याची विणलेली पट्टी नाहीतर जाड केबल असते. या गाडीत ती बॅटरीच्या ट्रेखाली बोल्टने आवळलेली होती. बोल्टाखाली गंज, त्यावर हिरवट पांढरी भुकटी. कोकणात पावसाळ्यात लोखंडाचं काय होतं ते सांगायला नको. पट्टीला हात लावण्याआधी मी जंपर केबलचं एक टोक बॅटरीच्या मायनसला आणि दुसरं इंजिनाला लावलं. म्हटलं, बाई, मारा सेल्फ. गाडी पहिल्या झटक्यात चालू. बाईंनी घाबरून लगेच बंद केली, तो भाग वेगळा.

मग रीतसर काम केलं. बॅटरीचं मायनस आधी काढलं. नेहमी मायनसच आधी काढावं आणि लावताना शेवटी लावावं, नाहीतर प्लसवरचा पाना बॉडीला टेकला की ठिणगीचा तमाशा. बोल्ट काढला, पट्टीचं टोक आणि खालची जागा पॉलिश पेपरने चकचकीत होईपर्यंत घासली, आवळलं, वरून व्हॅसलीन. परत मीटर लावला तर सेल्फ मारताना ०.२ व्होल्ट. खर्च दहा रुपयांचा पेपर. व्हॅसलीन बाईंचंच.

यात माझी हुशारी काही नाही. मी स्वतः याहून मोठा गाढवपणा केलेला आहे. १९८९ साली नवा लागलो होतो. रात्रपाळीला एक बस सेल्फ घेईना. मी अंगात जोर होता म्हणून बसखाली शिरलो, सेल्फ उतरवला, छातीवर घेऊन बाहेर आलो. टेबलावर लावला तर भिंगरीसारखा फिरला. आमचे हेड इलेक्ट्रिशियन चहाचा कप घेऊन उभे होते. त्यांनी बॅटरीचा क्लँप नुसता चिमटीत धरून फिरवून दाखवला. ढिला होता! वरून घट्ट दिसत होता, म्हणून मी हातच लावला नव्हता. बस म्हणजे २४ व्होल्टचं काम, बारा-बाराच्या दोन बॅटऱ्या जोडलेल्या, म्हणजे क्लँप चार. चौघांपैकी एक रुसला तरी गाडी जागची हलत नाही. पहाटेची गाडी चुकू नये म्हणून तो सेल्फ मी एकट्याने परत चढवला. ती शिक्षाच होती.

म्हणून त्या सर्व्हिस सेंटरच्या मुलावर माझा राग नाही. त्याला दिवसाला किती गाड्या उरकायच्या असतात ते मला ठाऊक आहे. स्कॅनरवर त्याचा भरवसा आहे, पण गंजलेला बोल्ट स्कॅनरला दिसत नाही. राग आहे तो आकडा न लिहिता पार्ट बदलण्याच्या पद्धतीवर. माझी मागणी साधी आहे. सेल्फ किंवा बॅटरी बदलायला सांगताना जॉबकार्डावर चार वाचनं लिहावीत: बॅटरी निवांत असतानाचे व्होल्ट, सेल्फ मारतानाचे व्होल्ट, प्लसच्या केबलवर पडणारे आणि अर्थवर पडणारे. याला पाच मिनिटंही लागत नाहीत. गाडीमालकांनीही ही वाचनं मागावीत आणि बदललेला पार्ट परत मागावा.

वाचकांनी आवाज तेवढा लक्षात ठेवावा, फोनवर सांगायला उपयोगी पडतो. टकटकटकटक असा भराभर आवाज आला तर बहुधा बॅटरी उतरलेली असते: सोलेनॉइड ओढतो, व्होल्ट पडतात, सोडतो, परत ओढतो. नुसतं घुंई करून सेल्फ फिरला आणि इंजिन हललंच नाही, तर सेल्फचे दाते फ्लायव्हीलला, म्हणजे इंजिनाच्या जड चाकाला, लागत नाहीत. अजिबात आवाज नसेल तर आधी क्लच पूर्ण दाबलाय का बघा, बऱ्याच गाड्या त्याशिवाय सेल्फ घेतच नाहीत. ऑटोमॅटिक असेल तर ‘एन’ वर टाकून बघा. रात्री साडेअकराला मला फोन करून उठवणाऱ्या एका भाच्याची गाडी ‘डी’ मध्ये होती. आणि इंजिन नीट फिरतंय पण पेट घेत नाही, तर तो रोगच वेगळा. तिथे पेट्रोल, ठिणगी, इमोबिलायझर (चोरी रोखणारी यंत्रणा) बघायचं, सेल्फला दोष देऊ नये.

आता एक गोष्ट चिपळूणकर म्हणून सांगतो, कारण परत पावसाळा आहे. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचं पाणी गावात शिरलं तेव्हा किती गाड्या बुडाल्या ते सगळ्यांनी पाहिलं. पाणी ओसरल्यावर लोकांनी गाड्या धुतल्या आणि आशेने चावी फिरवली. बाजारपेठेत एकाची गाडी मी थांबवेपर्यंत त्याने फिरवली होती. दिवे दबले, एक जड ‘ठक्’ झालं आणि संपलं. सिलिंडरमध्ये पाणी होतं. हवा दाबली जाते, पाणी दाबलं जात नाही. पिस्टन वर जायला बघतो, पाणी जागा देत नाही आणि वाकतो तो पिस्टनला जोडलेला कनेक्टिंग रॉड. पुरातून निघालेल्या गाडीला चावी लावूच नये. बॅटरीचं मायनस काढावं, गाडी टोचन करूनच न्यावी, स्पार्क प्लग काढून इंजिन हाताने फिरवून पाणी बाहेर काढावं, मग पुढचं. तिथे माझा मीटरही काही कामाचा नाही.

जुन्या अँबॅसिडरला पुढून हँडल मारता यायचं. अंगठा बाकीच्या बोटांच्याच बाजूला ठेवायचा, नाहीतर इंजिन उलटा झटका देऊन अंगठा मोडायचं. पण इंजिन मोकळं आहे की जाम, हे त्या हँडलने हाताला थेट कळायचं. ते गेलं, ठीक आहे, कुणाला परत नकोय.

दुसऱ्या दिवशी सकाळी तोच मुलगा टोचनची गाडी घेऊन हजर. बाईंनी चावी फिरवून दाखवली. मी त्याला बॉनेटखाली बोलावलं, जंपर केबल बाजूला ठेवली, पट्टीचा बोल्ट मुद्दाम ढिला केला आणि मीटरवरचा आकडा चढलेला दाखवला, मग आवळून उतरलेला दाखवला. त्याने मोबाइलवर दोन्हीचे फोटो काढले. म्हणाला, “काका, आम्हाला हे कोणी दाखवलंच नाही. मीटर केवढ्याला?” म्हटलं, साधा घेतलास तर पाचशेच्या आत.

कळावे,
आपला वाचक,
एक निवृत्त ऑटो इलेक्ट्रिशियन, चिपळूण