शार्कचे दात आणि आपला कोळसा

मा. संपादक महोदय,
स.न.वि.वि.

समुद्राच्या वाढत्या आम्लतेमुळे शार्क माशांचे दात झिजू शकतात, असे दाखवणारा जर्मनीतील संशोधकांचा अभ्यास २०२५ मध्ये प्रसिद्ध झाला. त्याची मी वाचलेली बातमी चार ओळींची होती आणि ती परदेशातील गमतीजमतींच्या रकान्यात छापलेली होती. आमच्या चंद्रपूर जिल्ह्यात समुद्र नाही आणि शार्कही नाही. तरीही या बातमीची खरी जागा कोळसा खाणी आणि औष्णिक वीज केंद्रांच्या बातम्यांशेजारी आहे, असे मला एक विज्ञान शिक्षक म्हणून मनापासून वाटते.

ड्युसेलडॉर्फ येथील हाइनरिश हाइने विद्यापीठाच्या संशोधकांनी मत्स्यालयातील ब्लॅकटिप रीफ जातीच्या शार्कचे गळून पडलेले दात घेतले आणि ते आठ आठवडे दोन वेगवेगळ्या टाक्यांतील खाऱ्या पाण्यात ठेवले. एका टाकीतील पाण्याचा सामू, म्हणजे पीएच (आम्लता मोजणारा आकडा; तो जितका कमी तितकी आम्लता जास्त, आणि ७ च्या खाली गेला तरच द्रव आम्ल), आजच्या समुद्रासारखा ८.१ होता. दुसऱ्या टाकीत तो ७.३ ठेवला होता, कारण कार्बनचे उत्सर्जन असेच चालू राहिले तर इ.स. २३०० च्या सुमारास समुद्राचा सामू तेवढा खाली येऊ शकतो असा अंदाज आहे. सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले असता दुसऱ्या टाकीतील दातांवर भेगा व छिद्रे पडलेली आणि मुळे अधिक झिजलेली आढळली. ७.३ सामूचे पाणी लिंबाच्या रसासारखे आंबट तर सोडाच, शास्त्रीय अर्थाने आम्लही नसते. पण सामूची मोजपट्टी अशी आहे की ८.१ वरून ७.३ वर येताना पाण्यातील हायड्रोजन आयन सहा पटींहून अधिक वाढतात, आणि दाताच्या खनिजाला तेवढा फरक जाणवतो.

शार्कच्या दाताचे कठीण आवरण फ्लोराइडयुक्त कॅल्शियम फॉस्फेटचे असते. यवतमाळ आणि चंद्रपूर जिल्ह्यांतील काही गावांत बोअरच्या पाण्यातील जादा फ्लोराइडमुळे लेकरांच्या दातांवर तपकिरी डाग पडतात, त्यामुळे आपल्याकडे फ्लोराइडचे नाव वाईट अर्थानेच निघते. प्रत्यक्षात योग्य प्रमाणातील फ्लोराइड दाताला आम्लापासून वाचवते. वर्गात मी वर्धा नदीच्या पात्रातील शिंपल्यावर लिंबाचा रस टाकतो तेव्हा लगेच बुडबुडे उठतात, कारण शिंपला कॅल्शियम कार्बोनेटचा असतो. शार्कचा दात असा चटकन विरघळणारा नाही. त्याचीही झीज होते, हीच या प्रयोगातील काळजीची गोष्ट आहे.

अर्थात, शार्क बोळके होणार अशी हाकाटी करणे चुकीचे ठरेल. प्रयोगातील दात गळालेले होते, जिवंत माशाच्या तोंडातील नव्हते, आणि शार्कला जन्मभर नवे दात येत राहतात. २०१९ मध्ये दक्षिण आफ्रिकेतील पफॅडर शायशार्क या लहान शार्कवर झालेल्या अभ्यासात दिसले की आम्लता वाढलेल्या पाण्यातही हा मासा आपल्या रक्तातील आम्लतेचा तोल सांभाळू शकतो. मात्र त्याच्या कातडीवरील दातांसारखे सूक्ष्म खवले नऊ आठवड्यांत झिजलेले आढळले. शरीराच्या आतला तोल रक्त सांभाळते. दात आणि खवले थेट समुद्राच्या पाण्यात असतात, त्यांना ते संरक्षण नाही. ऑस्ट्रेलियातील पोर्ट जॅक्सन शार्कवरील २०१५ च्या अभ्यासात कोमट आणि अधिक कार्बन डायऑक्साइड असलेल्या पाण्यात या माशांची वाढ मंदावली आणि भक्ष्य हुडकायला त्यांना अधिक वेळ लागला. उलट, प्रवाळांच्या उथळ पाण्यात राहणारी इपॉलेट शार्क अशा पाण्यातही बरीच तग धरते. सगळ्या जातींना एकच नियम लागू होत नाही, आणि बातमी देताना हेही सांगायला हवे.

शार्कवर आधीच मोठे संकट आहे, ते अतिमासेमारीचे. १९७० पासूनच्या सुमारे पन्नास वर्षांत खुल्या समुद्रातील शार्क आणि रे (पाकट) माशांची संख्या ७१ टक्क्यांनी घटली. अशा खचलेल्या जिवांवर पाण्याच्या बदलाचा हा दुसरा भार पडतो आहे.

हा भार येतो कुठून, याचे उत्तर आमच्या परिसरात रोज दिसते. औद्योगिक क्रांतीपूर्वी हवेत कार्बन डायऑक्साइडचे प्रमाण दशलक्षात २८० भाग होते, ते आता ४२० च्या पुढे गेले आहे. माणूस दरवर्षी हवेत सोडतो त्या कार्बन डायऑक्साइडपैकी सुमारे चौथा हिस्सा समुद्र शोषून घेतो. त्यापासून पाण्यात कार्बोनिक आम्ल तयार होते, आणि समुद्राच्या पृष्ठभागाचा सामू ८.२ वरून ८.१ वर आला आहे. कोळशावर एक युनिट वीज तयार करताना साधारण एक किलो कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. चंद्रपूरचे महाऔष्णिक केंद्र २,९२० मेगावॅटचे आहे. कोराडी, खापरखेडा आणि तिरोडा वेगळेच. या विजेची महाराष्ट्राला गरज आहे, आमच्या गावांतील हजारो घरांची चूल कोळशाच्या कामावर पेटते, आणि केंद्रे उद्या बंद करा असे म्हणणे मला शक्य नाही, योग्यही वाटत नाही. पण धूळ, राख आणि पाणी यांवर आपण जनसुनावणीत तावातावाने बोलतो, तसे चिमणीतून निघणाऱ्या कार्बनवरही बोलले पाहिजे. तो डोळ्यांना दिसत नाही आणि शेतावर राखेसारखा बसत नाही, म्हणून तो हिशेबातून सुटता कामा नये.

म्हणून माझी दोन मागण्या करण्याची इच्छा आहे. खाण किंवा वीज केंद्राच्या विस्ताराची जनसुनावणी होईल तेव्हा त्या प्रकल्पातून वर्षाला किती कार्बन डायऑक्साइड बाहेर पडणार, हा आकडा मराठीतील सारांशात ठळकपणे छापावा आणि सभेत वाचून दाखवावा. आणि आपल्या दैनिकाने अशा सुनावण्यांचे वृत्त देताना तो आकडाही सोबत द्यावा, ही नम्र विनंती.

आपला विश्वासू,
एक विज्ञान शिक्षक
ता. वरोरा, जि. चंद्रपूर