भावा, ट्रक एकदाचा थांबला

अ‍ॅन आर्बर, मिशिगन
12 ऑक्टोबर

प्रिय भावा,

परवा तुझा फोन आला तेव्हा मी ट्रकखाली आडवा होतो. बायको म्हणाली, "ते खाली आहेत," आणि तू समजलास मी तळघरात बसलोय. हातभर ऑइल माखलेलं, फोन धरायचा कुठल्या बोटांनी? म्हणून आता निवांत लिहितो. "ब्रेक झाले का?" या तुझ्या प्रश्नाचं उत्तर फोनवर मावणारं नव्हतंच.

ट्रकचं कूळ तुला ठाऊक आहे, पण फोटोत सगळं दिसत नाही. 1953 चा शेवरोले 3100, म्हणजे अर्धा टनी. सहा सिलिंडरचं इंजिन, स्टिअरिंगच्या दांड्यावर तीन गिअर, 6 व्होल्टची बॅटरी, आणि स्टार्टर पायानं दाबायचा. हबकॅपला चकाकी का नाही, असं तू विचारलं होतंस. कोरियन युद्धाच्या दिवसांत क्रोमची टंचाई होती, म्हणून त्या साली हबकॅप रंगवूनच द्यायचे. फ्लिंट, जिथे शेवरोलेचे ट्रक बनत आलेत, माझ्या घरापासून तासाभरावर. म्हणजे आपल्याकडच्या भाषेत हा ट्रक इथलाच, गाववाला.

तर जुलैमध्ये ह्युरॉन नदीकडे उतरणाऱ्या रस्त्यावर सिग्नल लाल झाला, मी पाय टाकला आणि पेडल थेट फळीला टेकलं. पुन्हा मारलं, पुन्हा तेच. तिसऱ्यांदा जरा काही लागलं. हँडब्रेक ओढला तर एकच मागचं चाक धरलं आणि ट्रक तिरका झाला. शेवटी दुसऱ्या गिअरनं वाचवलं. आंबा घाट उतरताना तुझे वडील म्हणायचे ना, ज्या गिअरात चढलास त्याच गिअरात उतर. सुमारे 13,000 किलोमीटरवर, सपाट मिशिगनमध्ये, त्या वाक्यानं माझी लाज राखली. पुढच्या गाडीत आणि माझ्या बंपरात हातभर अंतर होतं.

घरी आणून डावं मागचं चाक काढलं. व्हील सिलिंडर, म्हणजे ऑइलच्या दाबानं ब्रेकचे शू बाहेर ढकलणारी नळी, त्याचा रबरी बूट (टोपण) बोटानं सोलला तर आतून ब्रेक ऑइल ओघळलं, आणि खालचा लायनर, म्हणजे शूवरचा घासणारा पट्टा, चिंब. हँडब्रेकही याच शूंवर चालतो, त्यामुळे ती बाजू तेव्हा का धरली नाही ते कळलं. आपण तेल प्यायलेला लायनर ब्लो लँपवर धरायचो, आठवतं? धूर निघायचा, मालक खूश व्हायचा, आणि पुढच्या उतारावर गरम झाला की लायनर पुन्हा पाझरायचा. या वेळी तसलं काही केलं नाही. चारही चाकांचे शू नवे मागवले.

ड्रम, म्हणजे शूंभोवती चाकाबरोबर फिरणारी लोखंडी वाटी, काढताना मात्र एक गोष्ट आपल्या जुन्या पद्धतीनं केली नाही. उद्यमनगरातल्या गॅरेजात उस्तादांच्या हाताखाली शिकताना आपण काय करायचो? ड्रम काढायचा, आपटायचा, आणि आतली काळी भुकटी फू करून उडवायची. कंप्रेसर असला तर आणखी मजा. तेव्हाच्या लायनरमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असायचं भावा, आणि या ट्रकमधले लायनर किती जुने, देव जाणे. मी तोंडाला चांगला मास्क बांधला, सगळं फवाऱ्यानं ओलं केलं, फडक्यानं पुसलं आणि ती फडकी ओलीच पिशवीत बांधली. बायको म्हणाली, ऑपरेशन चाललंय का? मला मात्र आपल्या उस्तादांचा तो सकाळचा खोकला आठवत होता. तो कशाचा होता कोण जाणे, पण आठवला.

आता खरी गंमत पुढच्या चाकांची. ट्रक ब्रेक मारला की डावीकडे ओढायचा. आधीच्या मालकानं "जुनी गाडी आहे, स्वभाव आहे तिचा" असं सांगून विकला होता. ड्रम उघडले तर उजव्या चाकात दोन्ही लायनर आखूड, डाव्यात दोन्ही लांब! कुणा मिस्त्रीनं चार शू खोक्यातून काढले आणि सारखे दिसणारे जोडीनं लावून दिले. नीटनेटकेपणाची हौस, दुसरं काय. बेंडिक्स ब्रेक कसा चालतो ते माहीत नसलं की असंच होतं. वरच्या बाजूला एकच पिन. खाली दोन्ही शू कशालाच बांधलेले नाहीत, फक्त स्टारच्या (दातेरी चाकाच्या) स्क्रूनं एकमेकांना टेकलेले. पाय दाबला की पुढचा शू फिरत्या ड्रमला चिकटतो आणि त्याच्याबरोबर फिरू बघतो. तो खालून स्टारला ढकलतो, स्टार मागच्या शूला ढकलतो, आणि मागचा शू वरच्या पिनवर जाऊन अडकतो. म्हणजे निम्मं काम चाकच करतं, आपण फक्त सुरुवात करून द्यायची. पायाचा जोर वाढवणारा बूस्टर नसताना हा ट्रक पायाच्या जोरावर थांबतो तो यामुळे. मोठा भार मागच्या शूवर, म्हणून लांब लायनर मागे, आखूड पुढे. शिकागोला जाताना वाट थोडी वाकडी केली की साउथ बेंड लागतं, बेंडिक्स कंपनीचं गाव. पुढच्या वेळी तिथे चहाला थांबणार आहे, या ब्रेकला सलाम म्हणून.

ड्रम लेथवर फिरवून घेतले. 11 इंची ड्रम, आतून किती खाल्लेत ते मोजूनच, कारण पातळ झालेला ड्रम तापला की पसरतो आणि शूपासून लांब पळतो. पेडल खोल जातं ते असं, आणि घाटात "ब्रेक फेल" म्हणून जे काही ऐकतो त्यातलं काही हेच.

इथले मित्र सगळे एकच मंत्र जपतात: ड्रमऐवजी डिस्क ब्रेक टाक. पुढे डिस्क, बूस्टर, झालं. किटं मिळतात, काम वाईट नाही. पण त्यातल्या बऱ्याच किटांनी चाकं थोडी बाहेर येतात, आणि जुनी रिम बसेलच अशी खात्री नाही. मी रविवारी बाजारात जातो, ताशी 80 च्या वर हा ट्रक तसाही कण्हतो. रिकामा असताना साधारण 1,400 किलोचं धूड, त्याला नीट बसवलेले चार ड्रम पुरतात. मला भीती वेगळीच होती. अख्ख्या गाडीला ब्रेक ऑइलची एकच पाइपलाइन. एका चाकाचा अडीच सेंटिमीटरचा रबरी कप गेला की चारही चाकं गेली. इथे नव्या मोटारींना दोन वेगळ्या सर्किटांची सक्ती 1968 पासून झाली, माझा ट्रक त्याच्या 15 वर्षं आधीचा. म्हणून पैसे तिथे घातले: दोन कप्प्यांचा मास्टर सिलिंडर, म्हणजे पेडल दाबलं की ऑइल चाकांकडे ढकलणारा पंप; पुढचं सर्किट वेगळं, मागचं वेगळं. शिवाय प्रत्येक लाइनला 10 पीएसआयचा रेसिड्युअल व्हॉल्व्ह, म्हणजे पाय सोडल्यावरही लाइनमध्ये थोडा दाब टिकवणारी झडप, व्हील सिलिंडरचे कप पसरलेले राहावेत आणि हवा खेचू नये म्हणून. पाइप तांबं-निकेलचे. इथे हिवाळ्यात रस्त्यावर मीठ टाकतात, साधा लोखंडी पाइप बिस्किटासारखा होतो.

मूळ मास्टर कुठे आहे माहीत आहे? ड्रायव्हरच्या पायाखाली, चासीला. ऑइल भरायचं तर मॅट उचलायची, फळीतलं झाकण काढायचं आणि भोकातून नरसाळं घालायचं. नवाही तिथेच, वेगळ्या ब्रॅकेटवर. पाठीची वाट लागली.

ऑइलमधली एअर काढायला लेक बसली पेडलवर. वय वर्षं नऊ, पाय जेमतेम पोचतो. आधी उजवं मागचं चाक, मग डावं मागचं, मग पुढची. मी खालून ओरडायचो "दाब!", ती वरून "दाबलं!", मी चाकामागचं हवा सोडायचं निपल उघडायचो, "धर!", निपल बंद, "सोड!" तिसऱ्या चाकापर्यंत तिचं मराठी माझ्यापेक्षा खणखणीत झालं होतं. एकदा "सोड" म्हणायच्या आधीच सोडलं आणि शांतपणे विचारलं, "बाबा, हे सॉफ्टवेअरनं नाही होत का?" बाटलीतल्या नळीतून बुडबुडे यायचे थांबले आणि पेडल दगडासारखं झालं, तेव्हा मलाच उड्या माराव्याशा वाटल्या.

आणि मग माती खाल्ली. पेडल अजून वर, अजून कडक हवं म्हणून मी पुश रॉड, म्हणजे पेडलपासून मास्टरच्या पिस्टनला ढकलणारी दांडी, फिरवत फिरवत सगळा प्ले (रिकामी हालचाल) संपवला. पहिली फेरी झकास. पाचेक किलोमीटरवर ट्रक जड वाटायला लागला, जणू कुणी मागून दोरीनं धरलंय. मग जळका वास. बाजूला घेतला तर चारही ड्रमना हात लावता येईना. पहिला संशय नव्या व्हॉल्व्हवर. मनातल्या मनात विकणाऱ्याला चार शिव्याही घातल्या. चारही चाकं एकदम धरलीत म्हणजे दोष चाकांपाशी नाही, हे डोक्यात यायला दहा मिनिटं गेली. रस्त्याकडेला आडवा झालो, पुश रॉडचं लॉक नट ढिलं केलं, रॉड दोन फेरे मागे घेतला. खळ्ळ आवाज झाला आणि ट्रक उतारावर आपोआप इंचभर सरकला. मास्टरच्या पिस्टनपुढे ते बारीक भोक असतं ना, पाय सोडल्यावर जिथून ऑइल टाकीत परततं? पिस्टन पूर्ण मागे येत नव्हता, भोक झाकलेलंच. ऑइल तापलं, फुगलं, जायला वाट नाही, ब्रेक आपणहून लागत गेले. उस्तादांनी आपल्याला पहिल्या आठवड्यात शिकवलं होतं की पेडलनं आधी थोडं रिकामं हललं पाहिजे. शू थोडे चकाकले होते, ड्रम काढून पॉलिश पेपर मारला. मॅटखाली आता मी एक कागद चिकटवलाय: "प्ले ठेव, शहाण्या."

गेल्या रविवारी त्याच उतारावर मुद्दाम नेला. त्याच सिग्नलला, सरळ रेषेत, डावीकडे न ओढता थांबला. बायको शेजारी होती. तिनं फक्त पर्स मांडीवरून खाली ठेवली. जुलैपासून ती दोन्ही हातांनी धरून बसायची.

आता तू सांग. तुझ्या जीपचं पेडल अजून दोनदा मारावं लागतं म्हणालास. शू बदलण्याआधी नुसती अ‍ॅडजस्टमेंट कर, आणि मागचे बूट सोलून बघ. निम्म्या वेळा तिथेच सापडतं. वहिनींना नमस्कार, पोरांना आशीर्वाद. मे महिन्यात येतोयस ना? किल्ली तुझ्याच हातात देणार आहे. फक्त इथे उजवीकडून चालवायचं असतं, तेवढं विमानात घोकून ये.

तुझाच,
अर्धा मिस्त्री

ता. क. स्प्रिंग ओढायला इथला पक्कड मला जमेना. उस्तादांनी घासून केलेला तो आकडा तुझ्याकडे असेल तर सामानात टाक. हातातल्या पिशवीत नको, विमानतळावर काढून घेतील.