बऊबाजार विसरून बोगद्याचे कौतुक कसे?

संपादक महोदय,

कालच्या अंकात एका वाचकाने लिहिले आहे की, अंबाझरी तलावाच्या कडेने जाणाऱ्या नागपूर मेट्रोच्या अॅक्वा लाईनचे खांब डोळ्यांत खुपतात. कोलकात्यात हुगळी नदीखालून काढला, तसा इथे तलावाखालून बोगदाच काढायला हवा होता. पत्र वाचल्यापासून मन थाऱ्यावर नाही, म्हणून लिहिते आहे.

हुगळीखालच्या बोगद्याचा मलाही अभिमान वाटतो. नदीचे ५२० मीटर मेट्रो ४५ सेकंदांत पार करते. पुण्यात मुठेखालूनही गाडी धावते. पण हुगळीखालचे खोदकाम २०१७ मध्येच सुखरूप झाले होते. घात झाला तो नदी मागे पडल्यावर. ३१ ऑगस्ट २०१९ रोजी कोलकात्याच्याच बऊबाजार भागात खोदकामाचे यंत्र जमिनीखालच्या पाण्याच्या थराला लागले, पाण्याबरोबर गाळ बोगद्यात घुसला आणि वरची जुनी घरे खचली. शेकडो माणसांना घर सोडावे लागले. मे २०२२ मध्ये तिथे पुन्हा तडे गेले. बऊबाजाराखालून जाणारा एस्प्लनेड ते सियालदह हा तुकडा सुरू व्हायला ऑगस्ट २०२५ उजाडला. पत्रलेखकांनी यातले एक अक्षर लिहिले नाही आणि आपणही ते तसेच छापले!

न दिसणारे पाणी काय करते, ते आम्हाला विचारा. २३ सप्टेंबर २०२३च्या पहाटे अंबाझरी ओसंडला, नाग नदी फुगली. आमच्या घरात पाणी आधी दारातून आलेच नाही, ते न्हाणीघराच्या मोरीतून वर आले. उठून दिवा लावेपर्यंत पाय बुडाले होते. सासूबाईंना आम्ही दोघांनी गादीसकट उचलून जिन्यावर नेले. वर्षाचे गहू गेले, शिलाई मशीन गेली, सासऱ्यांच्या हातच्या जमाखर्चाच्या वह्यांचा लगदा झाला. पंचनाम्याला आलेल्या गृहस्थांनी चिखलात पाय घातला नाही. दारातूनच ‘दीड फूट’ लिहून गेले. ओलीची रेघ खिडकीच्या चौकटीपर्यंत होती. दाखवते म्हटले, तर ‘बाई, पुढची घरं आहेत’ म्हणाले.

अंबाझरीचा बांध मातीचा आहे, दीडशे वर्षांचा आहे. त्याच्याजवळ जमीन पोखरायची कल्पना ज्यांना सुचते, त्यांनी त्या रात्री आमच्या गल्लीत असायला हवे होते.

मला खांब खुपत नाहीत. मेट्रो उत्तम आहे, मी रोज जाते. खुपते ते एवढेच की, स्टेशनवर उतरल्यावर घरापर्यंतच्या दीड किलोमीटरला ऑटोवाले मेट्रोच्या तिकिटाच्या चौपट मागतात आणि बस अर्धा-अर्धा तास येत नाही. त्यावर दोन ओळी छापा.

त्या भिंतीला आम्ही अजून रंग दिलेला नाही. पत्रलेखकांनी जरूर यावे, मी रेघ दाखवीन.

– एक जुनी वाचक, अंबाझरी लेआऊट, नागपूर