म्हापशाच्या बाजारात रात्री येणाऱ्या आपल्या गटास

आदरणीय सिस्टर आणि आपल्याबरोबर येणारे सर्व बंधू-भगिनी यांस,

सप्रेम नमस्कार.

मी म्हापशातील एका सरकारी मराठी प्राथमिक शाळेत शिकवते. आपले आणि आपल्या चर्चचे नाव कुठेही छापले जाऊ नये, असे आपण आमच्या मुख्याध्यापिकांना बजावून सांगितले होते. त्या इच्छेचा मान राखून हे पत्र नावाशिवाय, पण उघडपणे लिहीत आहे. कारण हे आभार एकट्या माझे नाहीत, आणि ज्यांनी ते मानायला हवेत त्यांपैकी अनेकांना आपण नेमके काय केले हे ठाऊकही नाही. बाजारपेठेतील बहुतेकांना आपण रात्री पेज आणि उंडे (गोव्याचे गोल पाव) वाटणाऱ्या म्हणूनच माहीत आहात.

आमच्या तिसरीच्या वर्गात आज बसणारी एक मुलगी गेल्या वर्षी बाजारातील एका बंद दुकानाच्या ओट्यावर झोपत होती. तिचे कुटुंब सांगली जिल्ह्यातील जत तालुक्याचे. तिकडची शेती पावसाच्या भरवशाची, म्हणून वडील सेंट्रिंगच्या कामावर गोव्यात आले. परांचीवरून पडून त्यांचा पाय मोडला, ठेकेदाराने पहिल्या दिवसाचा खर्च दिला आणि नंतर फोन उचलणे बंद केले. भाडे थकले, खोली गेली, आणि शुक्रवारच्या बाजारात उरलेली भाजी निवडून विकणाऱ्या आईच्या मिळकतीवर चार माणसे ओट्यावर आली. अशी कुटुंबे म्हापशात, मडगावात, वास्कोत आपण सगळेच पाहतो. सणासुदीला त्यांच्यापुढे अन्नाची पाकिटे इतकी येतात की काही वाया जातात, आणि फेब्रुवारीतल्या एखाद्या साध्या मंगळवारी तिकडे कोणी फिरकत नाही. आपण त्या मंगळवारीही येता, आणि मला कृतज्ञता वाटते ती प्रथम याची.

संत विन्सेंट द पॉल यांच्या नावाने १८३३ साली पॅरिसमध्ये सुरू झालेल्या मंडळाचे सदस्य गरजूंच्या घरी जोडीने जातात, दुरून मदत पाठवत नाहीत, असे मी वाचले होते. आपल्या गटातही दोघे-दोघे एकेका कुटुंबाजवळ बसतात, आणि आधी विचारतात ते जेवणाचे नव्हे, तर आज कोणाला बरे नाही याचे. उत्तर वहीत लिहून घेतले जाते आणि पुढच्या फेरीत त्याच गोष्टीची पुन्हा विचारपूस होते. जिचा खोकला मागच्या वेळी वहीत लिहिला गेला, तिला पुन्हा सगळे पहिल्यापासून सांगावे लागत नाही.

त्या मुलीच्या घरासाठी आपण जे केले त्याचा बराचसा भाग कचेऱ्यांच्या खिडक्यांसमोर घडला. रस्त्यावरच्या माणसाची खरी अडचण तिथेच असते, हे माझे ठाम मत आहे. कुटुंबाकडे जतचे शिधापत्रिका कार्ड होते, पण ते गोव्यात चालते हे त्यांना माहीत नव्हते. देशभर कुठेही धान्य मिळण्याच्या व्यवस्थेत जानेवारी २०२० मध्येच गोवा आणि महाराष्ट्र ही दोन्ही राज्ये आली होती, आणि अन्नसुरक्षा कायद्याखाली त्यांना माणशी महिना ५ किलो धान्य मिळायला हवे होते. कार्ड आधारशी जोडलेले होते, तरी स्वस्त धान्य दुकानातील यंत्र वडिलांचा अंगठा घेत नव्हते. सिमेंट-वाळूत काम करणाऱ्यांच्या बोटांचे ठसे झिजतात. कार्डावरच्या कोणत्याही सदस्याच्या ठशावर धान्य उचलता येते, हे आपल्या गटातील एका गृहस्थांनी दुकानदाराला शांतपणे पटवून दिले, आणि आईच्या अंगठ्यावर धान्य मिळू लागले. आवाज न चढवता, पण हलायचे नाही असे ठरवून त्या खिडकीशी उभे राहणारे कोणी नसते, तर हे धान्य त्यांच्या हक्काचे असूनही त्यांच्या घरात आले नसते.

धाकट्या मुलाचा जन्म भाड्याच्या खोलीतच झाला आणि त्याची नोंद राहून गेली होती. २१ दिवसांच्या आत ही नोंद विनाशुल्क होते. वर्ष उलटल्यावर मात्र दंडाधिकाऱ्यांचा आदेश लागतो, त्यासाठी शपथपत्र, त्यासाठी साक्षीदार आणि राहण्याचा पुरावा. ज्यांना पत्ताच नाही त्यांनी पत्त्याचा पुरावा आणायचा, हा यातला खरा पेच आहे. तो सुटला तो आपण अनामत रक्कम भरून त्यांना पुन्हा खोली मिळवून दिलीत तेव्हा. ती रक्कम दान म्हणून घेण्यास वडील तयार नव्हते आणि आपणही आग्रह धरला नाहीत. पाय बरा झाल्यावर ते हप्त्याने फेडत आहेत. तो मान आपण त्यांना ठेवू दिलात याचे मला पैशांपेक्षा अधिक अप्रूप वाटते.

शाळेच्या बाबतीत आम्ही शिक्षक काय करत होतो, असा प्रश्न कोणी विचारील. मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा २००९ चा कायदा आम्हाला पाठ आहे. वयाचा दाखला नाही म्हणून प्रवेश नाकारता येत नाही आणि मुलाला त्याच्या वयाला साजेशा वर्गात घ्यावे लागते, हे दोन्ही त्यात स्पष्ट लिहिले आहे. पण कायदा बाजारात जाऊन कोणाला हात धरून आणत नाही. जिला कचेरीच्या दारातून अनेकदा परत फिरावे लागले ती आई शाळेच्या फाटकाशी येऊन बाहेरच थांबली होती, हे आपल्याकडूनच आम्हाला कळले. पुढच्या सकाळी आपण तिच्याबरोबर आलात, मुख्याध्यापिकांशी कोकणीत बोललात, तिच्याशी कानडीमिश्रित मराठीत बोललात, आणि अर्ज आम्ही भरून घेतला. मुलगी हिशेबात वर्गाच्या पुढे आहे; भाजीच्या वजनकाट्याशी बसून शिकलेले आकडे कच्चे नसतात. वाचन अजून मागे आहे, त्यावर काम चालू आहे.

बसस्थानकाच्या आडोशाला राहणाऱ्या एका वृद्धाची गोष्ट मी थोडक्यात सांगते, कारण ती मला ऐकूनच माहीत आहे. थुंकीच्या तपासणीत क्षयरोग निघाला. औषधे सरकारी दवाखान्यात फुकट मिळतात, पण ती सहा महिने खंड न पडता घ्यावी लागतात. मध्येच सोडली तर जंतू औषधाला दाद देईनासे होतात. आपल्या गटातील माणसे आळीपाळीने जाऊन गोळ्या घेतल्या की नाही हे पाहत राहिली. पोषणासाठी सरकार क्षयरुग्णाच्या बँक खात्यात दरमहा रक्कम जमा करते. एप्रिल २०१८ पासून ती ५०० रुपये होती, नोव्हेंबर २०२४ पासून १,००० रुपये झाली. त्यांचे खाते आपणच उघडून दिलेत, असे त्यांनी माझ्या सहकाऱ्याला सांगितले.

आता जे लोक दबक्या आवाजात बोलतात ते मी इथे उघड लिहिते. ही मंडळी धर्मांतरासाठी फिरतात का, असे मला आमच्याच गल्लीतील वडीलधाऱ्यांनी विचारले. मी हिंदू आहे, घरी चवथ, म्हणजे गणेशचतुर्थी, होते, आणि त्यांची शंका मला अपमानास्पद वाटली नाही. रात्रीच्या वेळी गरिबांकडे जाणाऱ्या कोणालाही असा प्रश्न विचारला जावा. म्हणून मी जे पाहिले तेवढेच सांगते. आपण प्रार्थना करता, ती लपवत नाही, आणि ती जेवण वाढून झाल्यावर करता. ज्याला उठून जायचे आहे तो हातातला उंडा घेऊन निघून जाऊ शकतो आणि पुढच्या फेरीला त्याची वही तशीच उघडते. या क्रमात मोठा विचार आहे. आधी प्रार्थना आणि मग जेवण असते, तर भुकेला माणूस कशासाठी थांबला हे कोणालाच, त्याला स्वतःलाही, सांगता आले नसते. त्या मुलीच्या खोलीत आजही यल्लम्माची तसबीर आहे आणि आपण तिच्याखालीच बसून चहा घेता. मिलाग्रीस सायबिणीच्या, म्हणजे इथल्या चर्चमधील मरियामातेच्या, फेस्ताला हिंदूही तेल वाहायला रांगेत उभे राहतात, त्या म्हापशात हे नवलाचे नाही. तरीही आजच्या दिवसांत कोणीतरी ते लिहून ठेवावे असे मला वाटले.

गोव्यात या वृत्तीची परंपरा जुनी आहे. मडगावच्या हॉस्पिसिओ या गोरगरिबांच्या रुग्णालयाची सुरुवात १८६७ साली एका पाद्र्यानेच केली होती. आपण मात्र परंपरेचा उल्लेख कधी केला नाहीत. एकदा मी विचारले तेव्हा बायबलमधील मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या २५ व्या अध्यायाकडे, जिथे भुकेल्याला दिलेले अन्न मलाच दिले असे येशू सांगतो, बोट दाखवलेत आणि लगेच ताडपत्र्यांचा विषय काढलात.

तर ताडपत्र्यांविषयी. जूनच्या पहिल्या पावसाआधी त्या बाजारात पोहोचाव्यात यासाठी आमच्या शिक्षकांनी वर्गणी काढली आहे. रक्कम मुख्याध्यापिकांकडे आहे, आपल्यापैकी कोणीही येऊन घ्यावी. दुसरे असे की, आमच्या दोन निवृत्त सहकारी अर्ज लिहिण्यात वाकबगार आहेत आणि मामलेदार कार्यालयाच्या रांगेला घाबरत नाहीत. बांधकाम कामगार कल्याण मंडळात नोंदणी व्हायची तर मागील बारा महिन्यांत ९० दिवस काम केल्याचा दाखला लागतो, आणि तो ठेकेदाराकडून मिळवणे किती कठीण आहे हे आपण सांगितले होते. ही नोंदणी आधीच झाली असती तर त्या पाय मोडलेल्या वडिलांना काही आधार मिळाला असता. या कामासाठी त्या दोघी आठवड्यातून दोन सकाळी देण्यास तयार आहेत. कोणत्या दिवशी आणि कुठे यावे, तेवढे शाळेत कळवावे.

आपली कृतज्ञ,
एक शिक्षिका, म्हापसा