अडीच लाख, पण डॉलर!

मा. संपादक,
स. न. वि. वि.

शुक्रवारच्या पुरवणीत ‘लाइक क्रेझी’ या इंग्रजी सिनेमावर लेख छापून आला. मथळा काय, तर ‘अडीच लाखांत सिनेमा!’ अडीच लाख खरेच, पण डॉलर. तेव्हाच्या ४५ रुपयांच्या भावाने सुमारे १ कोटी १२ लाख होतात. मथळ्यात एक शब्द वाढवला असता तर शाई संपली नसती. आता निपाणी-चिकोडीची पोरं अडीच लाख रुपये जमवून कॅमेरा घ्यायला निघतील, याची जबाबदारी कोणाची?

लेखकमहाशय कॅमेऱ्याच्या प्रेमात पडलेत. सिनेमा कॅनन ७डी या फोटोच्या कॅमेऱ्यावर शूट झाला, हे बरोबर. २०११ च्या सनडान्स चित्रपट महोत्सवात त्याला ग्रँड ज्युरी पारितोषिक मिळालं, हेही बरोबर. पण त्या कॅमेऱ्याला हेडफोन लावायची जागाच नाही, हे कोण सांगणार? आवाजाची पातळी तो स्वतःच वरखाली करायचा. ती हाताने ठरवायची सोय २०१२ च्या फर्मवेअरमध्ये, म्हणजे कॅमेऱ्याच्या आतल्या सॉफ्टवेअरमध्ये, आली, म्हणजे सिनेमा पडद्यावर येऊन गेल्यावर. दूर राहणाऱ्या दोघांच्या गोष्टीत अर्धा वेळ माणसं फोन कानाला लावून गप्प असतात. त्या गप्प बसण्यातच कॅमेरा पातळी वाढवतो, खोलीची खरखर वर येते आणि पुढचा पहिला शब्द फाटतो. म्हणून आवाज वेगळ्या रेकॉर्डरवरच घ्यावा लागतो. रेकॉर्डर ४८ किलोहर्ट्झ, २४ बिटवर ठेवायचा, सर्वांत मोठा शब्द त्याच्या मीटरवर उणे १२ डेसिबलच्या आसपास, आणि दर टेकला क्लॅप, म्हणजे चित्र आणि आवाज जुळवायला एक टाळी. क्लॅप विसरलात तर एडिटिंगला बसणारा ओठ बघत रात्र काढतो.

‘आवाज नंतर डब करता येतो’ हे लेखातलं वाक्य तर कहर आहे. या सिनेमात संवाद लिहिलेलेच नव्हते, नटांनी प्रसंगाच्या आराखड्यावरून ते जागेवर रचले. अडखळणं, एकमेकांच्या बोलण्यात घुसणं, हे सगळं स्टुडिओत परत आणणार कसं? आपल्या बेळगावकडचा पोरगा फोनवर ‘काय करालास?’ म्हणतो. पुण्यात डबिंग झालं की त्याचं ‘काय करतोयस?’ होतं आणि बेळगाव गेलं गटारात.

फोनचा प्रसंग घ्यायचा तर दुसऱ्या नटाला शेजारच्या खोलीतून खरोखर फोनवर बोलायला लावा आणि त्याच्यासमोर वेगळा माइक ठेवा. फोनमधला आवाज उचलू नका. नंतर त्या माइकवरच्या आवाजाची पट्टी ३०० ते ३४०० हर्ट्झपर्यंत कापली की तो फोनसारखा लागतो. पंखा बंद, फ्रिज बंद. फ्रिजमध्ये गाडीची किल्ली ठेवा, म्हणजे तो परत चालू केल्याशिवाय कोणी घरी जाणार नाही. प्रसंग संपल्यावर रिकाम्या खोलीचा मिनिटभर आवाज घ्या, एडिटिंगमधली भोकं त्यानेच बुजतात. बेळगावच्या टिळकवाडीत रेल्वे गेटाजवळ घर निवडलंत तर रेल्वेचं वेळापत्रक खिशात हवं. पावसाळ्यात पत्र्याच्या घराचं नावच काढू नका.

चित्राच्या बाबतीत एकच. आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची, म्हणून सेकंदाला २४ फ्रेम घेताना शटर १/५० सेकंदावर ठेवा, नाहीतर जुन्या ट्यूबलाइटखाली पट्टे हलताना दिसतात. या सिनेमाचं काही शूटिंग लॉस एंजेलिसमध्ये, म्हणजे ६० हर्ट्झमध्ये, आणि काही लंडनच्या ५० मध्ये. म्हणजे त्यांनाही हा हिशेब चुकला नसेल. ७डीची एक क्लिप १२ मिनिटांच्या आसपास तुटते, कारण फाइल ४ जीबीच्या पुढे जात नाही. जागेवर संवाद रचणारे नट रंगात आले की नेमकी तेव्हाच तुटते.

आणि हो, फोटोखाली ‘नायिका जेनिफर लॉरेन्स’ छापलंय. नायिका फेलिसिटी जोन्स आहे. लॉरेन्स त्यात आहे, पण दुसऱ्या पोरीच्या भूमिकेत. नाव ओळखीचं दिसलं म्हणून तिला बढती दिली वाटतं! शिवाय नायक-नायिका ‘भांडणामुळे’ दुरावतात, असं लेख म्हणतो. अहो, नायिका स्टुडंट व्हिसाची मुदत उलटून राहते आणि पुढच्या खेपेला तिला विमानतळावरूनच परत पाठवतात. सगळा सिनेमा त्या एका शिक्क्यावर उभा आहे!

या चुकांची दुरुस्ती छापाल, ही आशा. छापलीच तर मेहरबानी करून शुक्रवारची पुरवणी खानापुरात शुक्रवारीच पोचेल असंही बघा. आम्हाला ती शनिवारी दुपारी मिळते.

आपला,
एक वाचक, खानापूर