चार दिवस उशिरा

प्रिय मित्रा,

सप्रेम सलाम.

तुझं पत्र परवा मिळालं. दोनदा वाचलं, मग घडी घालून बायबलमध्येच ठेवलं. आई गेल्यापासून 'देव चांगला आहे' हे शब्द तोंडातून निघत नाहीत असं लिहिलंस, आणि खाली 'रागावू नकोस' हेही. मी कशाला रागावू? बाबांच्या आजारपणात माझीही हीच गत झाली होती. उपासनेत सगळे उभे राहून गायचे आणि मी गीतपुस्तक धरून नुसताच उभा. शेजारी एक आजी असायच्या. माझं पान हमखास चुकलेलं. त्या न बोलता ते उलटून द्यायच्या, ओळीखाली बोट टेकवायच्या आणि पुढे गायला लागायच्या. 'का गात नाहीस?' असं एकदाही विचारलं नाही त्यांनी. उलट बाबा गेल्यावर एका गृहस्थांनी 'तुमचा विश्वास कमी पडला' असं तोंडावर सांगितलं. ते अजून सलतं.

बायबलमधला ईयोब आठव, मुलंबाळं, धन, प्रकृती सगळं गमावलेला, आणि त्याचे तीन मित्र. सात दिवस, सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर गप्प बसून राहिले. तेवढंच काय ते त्यांनी बरं केलं. तोंड उघडलं, त्यालाच दोष दिला आणि घोळ झाला. शेवटी ४२व्या अध्यायात देव त्यांच्यावरच संतापतो. माझ्याविषयी ईयोब बोलला तसं यथार्थ तुम्ही बोलला नाहीत, म्हणतो. आणि ईयोब काय थोडं बोलला होता? स्वतःच्या जन्मदिवसाला शाप दिला होता त्याने!

तेव्हा खुशाल तक्रार कर. बायबलमधलं स्तोत्र ८८ वाच. विलापाची बहुतेक स्तोत्रं शेवटाकडे स्तुतीला वळतात. हे वळतच नाही, काळोखातच संपतं. तरी ते शास्त्रात राहिलंच.

पण तुझा खरा प्रश्न वेगळा आहे. ज्याला थांबवता आलं असतं त्याने थांबवलं नाही, मग तो चांगला कसा? बेथानी गावातल्या मार्था आणि मरीया या लाजराच्या दोघी बहिणींचं दुखणं हेच होतं. लाजर आजारी असल्याचा निरोप मिळूनही येशू दोन दिवस होता तिथेच राहिला. पोचला तेव्हा लाजराला कबरेत ठेवून चार दिवस झाले होते. मार्था सामोरी जाऊन म्हणाली, 'प्रभूजी, आपण इथे असता तर माझा भाऊ मेला नसता.' मग मरीया आली, तीही हेच म्हणाली. ते चार दिवस घरात दोघी एकमेकींना हेच म्हणत असणार, असं मला आपलं वाटतं. मार्थेशी येशू पुनरुत्थानाविषयी, मेलेले पुन्हा उठण्याविषयी, बोलला. मरीयेला रडताना पाहून मात्र व्याकूळ झाला, आणि थोड्या वेळाने रडलाच. लाजराला आपण मेलेल्यांतून उठवणार हे ठाऊक असूनही.

पूर्वी मला लाजर जिवंत होऊन कबरेतून बाहेर येतो तो भाग आवडायचा. आता तिथवर पोचतच नाही. माझे बाबा परत आले नाहीत, तुझी आईही नाही. आणि लाजर तरी, पुढे कधीतरी पुन्हा गेलाच असेल. उशीर का, याचं तुला पटेल असं उत्तर माझ्यापाशी नाही. पुनरुत्थानाची आशा मी धरून आहे, पण त्याच्या चांगुलपणावरचा माझा भरवसा तगला तो त्या रडण्यामुळे. कबरेपाशी उभं राहून 'असू दे, होईल सगळं ठीक' म्हणणारा देव मला झेपला नसता.

प्रार्थना जमत नसेल तर सध्या राहू दे, तुझ्या वाटची मी करतोय. रविवारी तुझ्याबरोबर उपासनेला येतो. मागच्या बाकावर बसू. गाऊ नकोस हवं तर, पान मी उलटेन.

तुझाच,
जुना मित्र