रेवा, दुसरी मॅच हरलीस की उठ

प्रिय रेवा,

रविवारी बॅग उचलताना तू माझ्याशी धड बोलली नाहीस. चूक माझीच होती. तुझी ऑनलाइन गेमची मॅच चालू असताना राउटर बंद करायला नको होता. तुझ्या टीममधले चौघं खोळंबले, तुला मॅच सोडल्याचा दंड बसला आणि ज्या रेटिंगपायी, म्हणजे तू किती चांगली खेळतेस ते दाखवणाऱ्या आकड्यापायी, तू आधीच कासावीस होतीस ते आणखी खाली गेलं. हे सगळं होणार हे मला माहीत नव्हतं असंही नाही. दीड वाजला होता आणि माझा तोल गेला.

पण दीड वाजल्याचा राग नव्हता तो. त्याआधी दाराआडून तुझं बोलणं कानावर आलं होतं. "मी कशाच्याच लायकीची नाही." माइक बंद होता, तू स्वतःशीच म्हणत होतीस. पत्रात हे काढायचं नाही असं ठरवून बसले होते, आणि काढलंच.

आधी त्या आकड्याबद्दल. रेटिंगची ही कल्पना रुजवली ती आर्पाड एलो या भौतिकशास्त्राच्या प्राध्यापकांनी, बुद्धिबळासाठी. जागतिक बुद्धिबळ महासंघाने ती 1970 मध्ये स्वीकारली. आजचे गेम आपापली सूत्रं वापरतात, पण काम तेच: कोणासमोर कोणाला बसवलं तर सामना अटीतटीचा होईल याचा अंदाज. तुला सतत तुझ्या तोडीचेच प्रतिस्पर्धी मिळणार, म्हणजे तू कितीही वर चढलीस तरी साधारण निम्म्या मॅच हरणारच. जिंकण्याची शक्यता निम्मी धरली, तर कुठल्याही ठरावीक पाच मॅच ओळीने हरण्याची शक्यता 32 मध्ये 1. कमी वाटते ना? पण 100 मॅच खेळलीस तर त्यात कुठेतरी सलग पाच पराभव येण्याचीच शक्यता जास्त. त्या रात्री तुझे पाच झाले होते. त्यात तुझी लायकी कुठून आली?

मला भीती वाटते ती हरल्यावर तू लगेच पुढची क्यू लावतेस, म्हणजे पुढच्या मॅचच्या रांगेत शिरतेस, त्याची. गेलेले गुण झोपायच्या आत परत मिळवायचे असतात, आणि नेमकं तेव्हाच हात आणि डोकं जाग्यावर नसतं. टिल्ट झालाय, म्हणजे हरल्याच्या रागात खेळ बिघडलाय, हे ज्याचं त्याला सगळ्यात शेवटी कळतं, म्हणून अंगाकडे बघ. तुझा जबडा आवळला जातो, माऊसवरची बोटं पांढरी पडतात, गेममध्ये मेल्याबरोबर टॅब दाबून, गुणफलक उघडून, तू दुसऱ्यांनी किती जणांना मारलं ते मोजायला लागतेस, आणि पुढच्या राउंडला कोणाची वाट न बघता एकटीच पुढे घुसतेस. यातलं दोनदा दिसलं की ती मॅच तुझी शेवटची.

तुझ्या त्या वॅलोरंट गेममध्ये राउंडच्या आधी शस्त्रं खरेदी करायला साधारण 30 सेकंद मिळतात. बंदूक घेऊन झाली की माऊसवरचा हात उचल, खांदे खाली सोड. चार मोजत श्वास आत, सहा मोजत बाहेर. सोडताना जास्त वेळ घ्यायचा, त्याने धडधड कमी होते. असे दोन श्वास सहज बसतात.

आणि किती हरल्यावर थांबायचं हे खेळायला बसण्याआधी ठरव. दोन ओळीने हरलीस की पंधरा मिनिटं खुर्चीतून उठायचं. दिवसात तीन हरलीस की त्या दिवशी रँक्ड, म्हणजे रेटिंगच्या मॅच, बंद. हा नियम मोडतो तो निकालाच्या स्क्रीनवर, कारण पुन्हा खेळायचं बटण समोरच असतं. तेव्हा नुसती लॉबीत बसू नकोस, गेमच बंद कर. तोंड धू, खिडकीशी उभी राहा. फोन हातात घेऊन दुसऱ्याचं स्ट्रीम बघणं म्हणजे उठणं नव्हे. रेकॉर्डिंग दुसऱ्या दिवशी बघ, तेही गेममधलं तुझं एकच मरण निवडून: तिथे माझ्या हातात काय होतं? निळ्या वहीत एक ओळ लिही, बास.

झोपेच्या दोन तास आधी शेवटची मॅच सुरू झालेली हवी. सुरू, संपलेली नव्हे. मॅच चाळीस मिनिटांची, त्यात ओव्हरटाइम लागला तर आणखी, आणि नंतर डोकं निवायला तास जातो. संध्याकाळी सहाच्या कॉफीतलं साधारण निम्मं कॅफीन रात्री अकरालाही अंगात असतं, आणि तू तर... बघ, झालंच माझं भाषण सुरू. माफ कर.

तू लहान असताना पत्त्यांचा बंगला बांधायचीस. दोनदा पडला की पत्ते माझ्या हातात द्यायचीस, "आता तू बांध, मी बघते." रडायची नाहीस. थोड्या वेळाने पुन्हा मागून घ्यायचीस. थांबायचं कधी हे तेव्हा तुला कोणी शिकवलं नव्हतं.

व्हॉइस चॅटचं मात्र मी सांगणारच. तुझा आवाज ऐकून कोणी घाणेरडं बोलला तर पहिल्याच वाक्याला म्यूट कर, तिसऱ्याची वाट बघू नकोस. आवाज आणि मजकूर दोन्ही बंद कर, ती बटणं वेगवेगळी असतात. उत्तर देऊ नकोस, त्याला तेच हवं असतं. शत्रू कुठे आहे ते पिंगने, म्हणजे नकाशावर खूण करून, न बोलताही सांगता येतं. मॅच संपली की रिपोर्ट कर. शक्यतो ओळखीच्या दोघीतिघींबरोबर खेळ.

ॲस्ट्रालिस या ई-स्पोर्ट्स टीमचा तेव्हाचा कर्णधार ग्लेव्ह तुला माहीतच आहे. काउंटर-स्ट्राइक या गेमच्या चार मेजर, म्हणजे सगळ्यात मोठ्या स्पर्धा, जिंकलेला माणूस, मे 2020 मध्ये ताण आणि बर्नआउटमुळे, म्हणजे पार थकून गेल्यामुळे, रजेवर गेला आणि नंतर परत येऊन खेळला. आबांना वाटतं तसं तुला व्यसन लागलंय असं मी म्हणत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या व्याख्येत नुसते तास मोजत नाहीत. खेळण्यावर ताबा न राहणं, बाकी सगळ्याच्या आधी गेम येणं, आणि नुकसान दिसत असूनही खेळत राहणं, हे साधारण वर्षभर चाललं आणि रोजचं आयुष्य त्याने विस्कटलं तर ते दुखणं. तुझं तसं नाही. पण ते "लायकीची नाही"चं वाक्य गेम बंद असतानाही मनात येत असेल, किंवा दोन आठवडे झोप, भूक, मन ठिकाणावर नसेल, तर डॉक्टरांकडे जायचं. मी बरोबर येईन. आणि त्याहून वाईट काही मनात आलं तर त्याच क्षणी मला उठव.

गेल्या महिन्यात 4-10 ने मागे असताना तू ती मॅच 13-11 ने काढलीस, तेव्हा मी तुझ्या मागे उभी होते. चौघं एकमेकांवर ओरडत होते आणि तू शांतपणे प्रत्येकाला कुठे उभं राहायचं ते सांगत होतीस. मला किती अभिमान वाटला ते तेव्हा बोलले नाही. बोलायला हवं होतं.

तुझा माऊसपॅड इथेच राहिलाय. दादा शनिवारी येतोय, त्याच्याबरोबर पाठवते. त्या रात्री नक्की काय झालं होतं ते मला सांगशील? दीड वाजता सांगितलंस तरी चालेल.

तुझी,
आई